पहिलीचं भांडण आणि पीटर लुस्टिग

‘अबशाल्टन!’ म्हणजे ‘बंद करा!’ जर्मनीच्या झेडडीएफ या सार्वजनिक वाहिनीवर पीटर लुस्टिग मुलांसाठीचा विज्ञानाचा कार्यक्रम संपवताना त्यांना टीव्ही बंद करायला सांगायचे. निळी डंगरी, गोल चष्मा आणि बांधकामावर मजुरांसाठी असते तशा चाकांवरच्या खोलीत मुक्काम. कार्यक्रमाचं नाव ‘ल्योव्हेनत्सान’, शब्दशः सिंहाचा दात. ते इथल्या, म्हणजे मी राहतो त्या जर्मनीतल्या, एका पिवळ्या रानफुलाचं नाव. सुरुवातीलाच ते डांबर फोडून वर येताना दिसतं. १९८१ पासून दोन दशकांहून अधिक काळ लुस्टिग या कार्यक्रमात होते. २०१६ मध्ये ते गेले.

परवा एक जुना भाग संपल्यावर माझ्या सात वर्षांच्या लेकीने टीव्ही खरंच बंद केला. ग्लासाच्या तळाशी कागदाचा बोळा कोंबला आणि ग्लास उपडा धरून बादलीत सरळ खाली दाबला. बाहेर काढला तर कागद कोरडा. “बाबा, आत हवा बसलीये, ती पाण्याला जागाच देत नाही!” मी शाळेत ‘हवा जागा व्यापते’ एवढं पाठ केलं होतं. आमच्या वर्गात बादली कधी आलीच नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीचा निर्णय झाला आणि जूनअखेर तो मागे घ्यावा लागला. सहा वर्षांच्या मुलावर तिसरी भाषा लादू नये, याच मताचा मी आहे. पण मराठी मुलाने मराठीत कुतूहलाने काय बघावं, हा प्रश्न त्या गदारोळात माझ्या कानावर आला नाही. माणसं आपल्याकडे होती. जयंत नारळीकर मराठीत लिहायचे, अरविंद गुप्तांनी पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेमध्ये टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी केली. त्यांना वर्षानुवर्षं टिकणारी, घरोघरी पोचणारी रविवारची सकाळ मराठी टीव्हीने दिली नाही.

इथे प्रत्येक घर सार्वजनिक वाहिन्यांसाठी महिन्याला १८ युरो ३६ सेंट भरतं, कुरकुरत का होईना. जर्मनीचं सगळंच घ्यावं असं मात्र नाही. बहुतेक राज्यांत चौथीनंतरच अभ्यासातल्या प्रगतीनुसार मुलांच्या शाळा वेगळ्या होतात. आपल्याकडे मुलं दहावीपर्यंत एका वर्गात बसतात, ते मला जास्त न्यायाचं वाटतं.

सह्याद्री वाहिनीने रविवारी सकाळी अर्धा तास द्यावा. चकचकीत स्टुडिओ नको. सायकल दुरुस्तीचं एखादं दुकान, पाण्याची बादली आणि मुलांशी घरातल्या मराठीत बोलणारा माणूस.