मेकॉले त्या दिवशी कुठे होता?

बँकेतून निवृत्त झाल्यावर माणसाने आणखी काहीही करावं, इतिहासात एम.ए. करू नये. मी करतोय. दुसऱ्या सत्राला 'ब्रिटिशकालीन शिक्षण' हा प्रकल्प वाट्याला आला आणि मी डोंबिवलीच्या गॅलरीत बसून, दोन कप चहात, अठरा पानं लिहून मोकळा झालो. सुरुवात दणक्यात व्हावी म्हणून भारतात इंग्रजी शिक्षणाचा आग्रह धरणाऱ्या मेकॉलेसाहेबाचं ते वाक्य टाकलं, तुम्हालाही आलं असेलच: 'मी भारतभर फिरलो, पण मला एकही भिकारी दिसला नाही, एकही चोर दिसला नाही...' खाली तारीख २ फेब्रुवारी १८३५, ठिकाण ब्रिटिश पार्लमेंट. शेवटी संदर्भसूची: १) गूगल, २) इंटरनेट, ३) नाना.

नाना म्हणजे माझे चुलते, वय ८१. आमच्या 'गोतावळा' ग्रुपचे घाऊक पुरवठादार.

मार्गदर्शक मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. त्या मला काका म्हणतात आणि मी त्यांना घाबरतो. "काका, पत्र पोस्टमनने आणलं म्हणून ते त्यानेच लिहिलं असं म्हणाल का? मग गूगल संदर्भ कसा?" एवढं बोलून त्यांनी मेकॉलेभोवती लाल गोल काढला आणि बाजूला लिहिलं, 'त्या दिवशी कुठे होता?'

आधी मला वाटलं, माझी हजेरी विचारतायत.

घरी येऊन शोधायला बसलो. तासाभरात तेच वाक्य सदतीस ठिकाणी सापडलं. सदतीस साक्षीदार! खुशीत तिसरा चहा मागितला (मिळाला नाही). मग बँकेतली जुनी खोड जागी झाली. सदतीस स्लिपा आणि हस्ताक्षर एकच, असं दिसलं की आम्ही माणसाला बाकावर बसवून ठेवायचो. इथे तर वाक्यात पुढे येणाऱ्या 'नीतिमत्ते'तला नी सदतीस ठिकाणी ऱ्हस्व. हा त्याचा हवाला देतो, तो तिसऱ्याचा, आणि तिसऱ्याच्या तळाशी 'साभार: व्हॉट्सॲप'. एकाचं बघून सगळा वर्ग पास झालेला.

शेवटी मूळ कागद गाठला. एच. शार्प यांनी संपादित केलेली सरकारी शैक्षणिक कागदपत्रं, कलकत्ता, १९२०. स्कॅन इतकं तिरकं की मान वाकडी करून वाचलं. बायकोने बाम आणून दिला. त्यात मेकॉलेचं शिक्षणविषयक टिपण आहे, आणि त्यावर तारीख? २ फेब्रुवारी १८३५! पण हे लिहिलं कलकत्त्यात. तो गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात कायदा सदस्य होता. १८३४च्या जूनमध्ये मद्रासला उतरला तो १८३८पर्यंत इथेच. एकाच दिवशी कलकत्त्यात आणि लंडनच्या पार्लमेंटात हजर राहायचं, तर निदान संतपद तरी हवं.

आणि 'भारतभर फिरलो'? मद्रासला उतरला, गव्हर्नर जनरल बेंटिंकला भेटायला उटीला गेला, तिथून कलकत्ता. एवढ्या प्रवासाला आमच्याकडे 'साउथ टूर' म्हणतात, त्यात नाश्ता धरलेला असतो.

टिपणात भिकारी नाहीत, चोर नाहीत, आपली स्तुती तर औषधालाही नाही. उलट एका चांगल्या युरोपीय ग्रंथालयातलं एक फडताळ भारत आणि अरबस्तानच्या सगळ्या साहित्याच्या तोडीचं आहे, असं खरोखरच लिहिलंय. म्हणजे ज्या माणसाने आपल्याला तोंडावर हिणवलं, त्याच्या तोंडी आपण कौतुक घालून दीडशे जणांना पाठवतोय. पण माझा जीव अडकला तो त्याच्या थोडं आधीच्या वाक्यात. आपल्याला संस्कृत येत नाही आणि अरबीही येत नाही, अशी कबुली साहेबाने स्वतःच दिली आहे; भाषांतरं वाचली, जाणकारांशी बोललो आणि मत बनवलं. आता सांगा, याच्या सूचीत नाना कोण होते?

मी ग्रुपवर रीतसर खुलासा टाकला. नानांचा फोन आला. "अरे, म्हटलं नसेल त्याने. पण म्हणण्यासारखं आहे की नाही?" यावर संशोधनपद्धतीच्या पुस्तकात उत्तर नाही; मी पाहिलं.

मॅडमनी अठरातली अकरा पानं पास केली. उरलेल्या सातांवर गोल आहेत.

पंधरा दिवसांनी नाशिकच्या मेव्हणीकडून एक मेसेज आला, वर 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' अशी पट्टी. 'लंडनच्या एका थोर संशोधकाने सिद्ध केलं आहे की १८५३ साली मेकॉले उटीला होता...' पुढे मजकूर माझाच, माझ्या 'साउथ टूर'सकट. खाली नाशिकच्या गोतावळ्यातले सतरा अंगठे होते, त्यातला एक माझ्या बायकोचा.