वरच्या बिजागरीच्या स्क्रूंबद्दल

नमस्कार. दोन तारे देऊन आपण लिहिलंय की दाराची एक बिजागरी काढण्यासाठी आमच्या कारागिराने अख्खी दुपार घालवली, शेवटी ड्रिल मारून स्क्रूंची डोकी उडवली आणि वर जादा वेळेचे पैसे लावले. खाच आणि स्क्रूड्रायव्हर यांच्यामध्ये रबरबँड लावून किंवा तेल सोडून हेच काम पाच मिनिटांत झालं असतं, असंही आपलं म्हणणं आहे. चौकट दाराविना उघडी पडली की घरात कुणाचाही जीव वैतागतो. पण बिल कमी होणार नाही. का, ते सांगतो.

खालच्या दोन्ही बिजागऱ्या साध्या हाताने निघाल्या. अडलं ते वर. रंगाचे थर खाचांत भरलेले, आत गंज, आणि आपणच सांगितलंत तसं आधी घरच्या स्क्रूड्रायव्हरने जोर लावून झालेला. दोन नंबरच्या स्टार खाचेत एक नंबरचं टोक घातलं की ते नुसतं आत डुगडुगतं आणि कडा खात जातं. आम्ही पाहिलं तेव्हा खाचा वाटीसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या.

रबरबँड चालतो, नाही असं नाही. खाच थोडी झिजली असेल आणि स्क्रू मुळात सैल असेल तर. गंजाने धरलेल्या स्क्रूवर रबराच्या चिंध्या होतात. तेल मात्र आम्ही मुद्दाम टाळतो. लोखंडात लोखंड अडकलं असेल तर तेल कामाचं. लाकडात ते रेषांमधून पसरतं, डाग पाडतं आणि नंतर तिथे ना पॉलिश धरत ना गोंद.

कारागिराने आधी टोच्याने रंग उकरला. मग सोल्डरिंग आयर्नचं (तारा डाग देऊन जोडायच्या हत्याराचं) तापलेलं टोक स्क्रूच्या डोक्यावर टेकवून धरलं, निवू दिलं, आणि उलटा फिरवण्याआधी स्क्रू किंचित घट्ट केला, म्हणजे गंजाची पकड तुटते. एक स्क्रू तेवढ्यावर सुटला. बाकीच्यांना आपल्याला विचारूनच ड्रिल लावलं. आठ नंबरच्या स्क्रूचा दांडा साधारण 4.2 मिलिमीटरचा असतो. 5 मिलिमीटरचं बिट बरोबर मध्यात उतरलं तर डोकं वेगळं होतं, बिजागरी मोकळी होते आणि उरलेला दांडा पकडीने फिरवून काढता येतो. बिट जरा घसरलं तर चौकटीला जखम. वेळ जातो तो इथे, आणि जायलाच हवा. छिन्नी घालून बिजागरी उपटणारेही आहेत. त्यांचं काम लवकर आटपतं, चौकटीची ढलपी निघते.

जुन्या भोकांत लाकडी खुंट्या गोंदाने बसवल्या, हेही त्याच बिलात आहे. नवे स्क्रू आपल्या पसंतीचे पितळी. पितळ मऊ, थेट पिळलं तर मान तुटते. म्हणून आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू घालून आटे पाडले, तो काढला आणि मग मेण लावून पितळी बसवला. पुढे दार रंगवाल तेव्हा बिजागऱ्यांवर चिकटपट्टी लावायला सांगा.

दार खाली किंचित घासतंय, असंही आपण शेवटी म्हटलंय. ते बघणं आमच्याकडे लागतं, वेगळे पैसे नाहीत. सोयीचा दिवस कळवा.