घरातलं वातावरण

"घरातलं वातावरण कसं आहे तुमच्या?" हा प्रश्न परवा मला माझ्याच घरात, माझ्याच नेहमीच्या खुर्चीत बसून विचारण्यात आला. विचारणारे माझे मामेसासरे. निमित्त दोन जर्बिल, म्हणजे उंदरासारखे दिसणारे छोटे पाळीव प्राणी.

बंड्या आणि खंड्या हे सख्खे भाऊ. जाळीचं झाकण असलेल्या काचेच्या टाकीत राहतात, भुशात बिळं खणतात, हाती लागेल तो पुठ्ठा कुरतडतात. अलीकडेच वयात आलेत. वयात आलेले दोन नर एकत्र असले की एक जण मधूनच दुसऱ्याच्या पाठीवर चढतो. दोन-चार सेकंदांचा कारभार. यात शृंगार नाही, हुद्द्याचा प्रश्न आहे: या टाकीत साहेब कोण? खालचा चीं करून निसटतो, थोड्या वेळाने मान खाली घालून पुढे येतो, वरचा त्याची मान चाटून साफ करतो आणि मग दोघे एकमेकांच्या अंगावर पडून ढाराढूर झोपतात. दोन माद्या असत्या तरी हेच केलं असतं.

हे आधी सांगून ठेवायला वेळच मिळाला नाही. मामांनी बॅग टेकली आणि बंड्याने साहेबी दाखवली.

मामा आयुष्यभर मुख्याध्यापक होते. निवृत्त झाले, पण शाळा काही सुटलेली नाही. ते टाकीसमोर हात मागे बांधून उभे राहिले.

"यातली मादी कोणती?"

"दोघेही नर आहेत, मामा."

चष्मा पुसून झाला. "तपासलंस?"

"तपासलंय. शेपटीखाली दोन छिद्रं असतात, त्यांच्यातलं अंतर बघायचं. नरात जास्त असतं, मादीत अगदी थोडं."

भर दिवाणखान्यात मामेसासऱ्यांना शेपटीखालची छिद्रं समजावून सांगायची वेळ कुठल्याही सुनेवर येऊ नये. मामांवर मात्र काही परिणाम नाही. त्यांची चौकशी सुरू झाली होती.

"पुढाकार कोणाचा असतो?"

"बंड्याचा."

"दुसऱ्याची तक्रार?"

"तो चीं करतो."

"म्हणजे तक्रार आहे. तू काय कारवाई केलीस?"

"कारवाई कसली, मामा? कधी कधी खंड्यापण बंड्यावर चढतो."

"सूडबुद्धी," मामा म्हणाले, आणि खुर्चीत बसले. माझ्या. "अगं, अशी पोरं मी शेकड्यांनी पाहिली आहेत. पहिलं काम काय, तर दोघांना वेगळं बसव. आणि रागावू नकोस, पण विचारतो, घरातलं वातावरण कसं आहे तुमच्या? लेकरं बघतात तेच करतात."

आतल्या खोलीत नवऱ्याला ठसका लागला. ठसका कसला, हसू होतं ते. पाठोपाठ "जरा जाऊन येतो" असं दारातूनच सांगून तो पसार झाला. जर्बिल हौसेने आणले त्याने. नावं ठेवली त्याने. मामा त्याचे. पालकसभेला मात्र मी! टाकीतला भुसाही मीच बदलते, हे जाता जाता नोंदवून ठेवते. त्याबद्दल आजवर कोणी वातावरणाची चौकशी केलेली नाही.

मी मामांना सांगून पाहिलं की वेगळं करणं हाच यातला सगळ्यात वाईट उपाय. हे प्राणी मूळचे मंगोलिया आणि उत्तर चीनकडच्या कोरड्या माळांवरचे, कुटुंबकबिल्याने एका बिळात राहणारे. आपला कोण, परका कोण हे ठरतं वासावर. पोटावर मधोमध एक लांबट ग्रंथी असते, ती जमिनीवर घासत ते आपली हद्द आखतात. दोघांना काही दिवस लांब ठेवलं की वास ओळखीचा राहत नाही, आणि मग सख्खा भाऊसुद्धा घुसखोर ठरतो. पुन्हा जुळवायचे तर टाकीत मध्ये जाळी लावायची आणि दिवसातून अनेकदा त्यांच्या बाजू बदलायच्या, दोघांना एकमेकांचा वास अंगवळणी पडेपर्यंत. इतकं करूनही जुळतीलच याची खात्री नाही.

"जाळी म्हणजे वेगळंच बसवणं की," मामा म्हणाले.

१८६६ मध्ये अर्मां दाविद नावाच्या फ्रेंच पाद्र्यांनी उत्तर चीनमधून हे जर्बिल पॅरिसच्या संग्रहालयाकडे पाठवले. पुढे पांड्याची ओळख पाश्चात्त्यांना करून दिली तीही याच गृहस्थांनी. सांगायचा मुद्दा हा की एका धर्मगुरूंनी हा प्राणी निमूटपणे पुढे रवाना केला. त्याच्या घरच्या वळणाबद्दल त्यांनी कोणाला जाब विचारल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

मी आत गेले तेवढ्यात मामांनी अंमलबजावणी केली. नव्या शर्टाच्या घडीत येतो तो पुठ्ठा त्यांनी बॅगेतून काढला, झाकण उचलून टाकीत मधोमध उभा केला, आणि दोन्ही बाजूंना एकेक विद्यार्थी आहे याची खात्री करून आडवे झाले. जर्बिलच्या टाकीत पुठ्ठा! दोघांनी दोन्ही बाजूंनी कामाला सुरुवात केली. कुरकुर कुरकुर, मान तिरपी, पुढचे दोन पंजे पुठ्ठ्याच्या कडेवर, मिशांवर चुरा. इतकं सलोख्याचं सहकार्य मी या घरात क्वचितच पाहिलंय. मामा घोरायला लागले तोवर मधोमध बोगदा पडला होता. बंड्या बोगद्यातून पलीकडे गेला आणि, अर्थातच, खंड्याच्या पाठीवर चढला.

मामा उठले. त्यांनी भोक बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "तू मोकळे सोडलेस?"

खरी भांडणं कशी असतात ते मला ठाऊक आहे, आणि धास्ती मलाच जास्त आहे. अंगावरचे केस फुलवून एकमेकांना बाजूने रेटायला लागले, पाठलाग थांबेचना, बुडाजवळ किंवा शेपटीच्या मुळाशी रक्त दिसलं, किंवा दोघांचा मिळून एकच गरगरणारा गोळा झाला, की मग क्षणभरही थांबायचं नाही, जाड हातमोजा घालून वेगळे करायचे. माझी नजर रोज त्यावरच असते. पण असली काळजी दिसत नाही कोणाला. दिसतं ते पाठीवर चढलेलं.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन. मामांनी वरपर्यंत कळवलं होतं.

"काय गं, तुमच्याकडे उंदरांचं काहीतरी चाललंय म्हणे? दादा म्हणत होता, एक मादी आणा, आपोआप सरळ होतील."

दोन नरांत एक मादी सोडली की दोघं सरळ होत नाहीत, एकमेकांच्या जिवावर उठतात. हे मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बघ बाई, दादाला अनुभव आहे."

बरं. जर्बिलची मादी 24 ते 26 दिवसांत विते, आणि नर सोबत असला तर व्यायल्यावर काही तासांतच पुन्हा गाभण राहू शकते. मादी आणायचीच ठरली तर सगळी पिल्लं मी टाकीसकट मामांकडे पोचती करणार आहे. न्यायला नवरा जाईल. खणायला भुसा घाला, एवढं मी लिहून देईन. वातावरणाचं त्यांचं ते बघतील.