‘रिपोर्ट निल, गोळ्या बंद’ म्हणे!

एचआयव्हीच्या गोळ्या घेणाऱ्या मावसभावाने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, ‘दादा, मग बंद करू का?’ (त्याला विचारूनच हे लिहितोय.) फॉरवर्डमध्ये दावे चार: व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) ‘निल’ आला की एचआयव्ही गेला म्हणून गोळ्या सोडा, या गोळ्या किडनी खातात, चाळीस दिवसांच्या काढ्याने आजार मुळासकट जातो, आणि एआरटी (म्हणजे या गोळ्यांचा उपचार) हा नुसता कंपन्यांचा धंदा.

पहिला दावा माणूस मारणारा आहे. ‘निल’ म्हणजे मशीनला सापडेल इतका विषाणू रक्तात नाही, एवढंच. तो काही पेशींमध्ये दडून असतो आणि गोळ्या थांबल्या की बहुतेकांच्या रक्तात काही आठवड्यांत परत येतो. अहो, लोड निल आहे तोच मुळी गोळ्यांमुळे! आणि सोडून बघायची हौस असेल, तर तेही बघून झालंय. ‘स्मार्ट’ नावाची चाचणी ३३ देशांत सुमारे साडेपाच हजार जणांवर झाली. एका गटाची औषधं अखंड चालू. दुसऱ्या गटाची सीडी-फोर (रक्तातल्या प्रतिकारपेशींचा आकडा) ३५०च्या वर असला की बंद, २५०च्या खाली गेला की पुन्हा सुरू. जानेवारी २००६ मध्ये हा प्रयोग आवरता घ्यावा लागला, कारण खंड पाडणाऱ्यांत संधिसाधू आजाराचा (प्रतिकारशक्ती खालावली की गाठणाऱ्या आजाराचा) किंवा मृत्यूचा धोका अडीचपटीहून जास्त निघाला. शिवाय हृदय, लिव्हर आणि हो, किडनीचे मोठे आजारसुद्धा त्याच गटात जास्त! वर कधी घेतल्या, कधी सोडल्या असं चाललं तर विषाणू औषधाला दाद देईनासा होतो, ते वेगळंच.

किडनीबद्दल थोडं मान्य करावं लागेल. या गोळ्यांमधल्या टेनोफोव्हिर या औषधाचा काहींच्या किडनीवर परिणाम होतो. म्हणूनच क्रिएटिनिन (किडनी नीट चालते का ते सांगणारा रक्तातला घटक) तपासतात आणि गरज पडली तर औषध बदलून देतात. जुन्या स्टॅव्युडिनने गाल बसायचे, हेही खरं. पण ती गोळी मागे पडून वर्षं झाली, भीती मात्र अजून विकली जाते. त्रास होत असेल तर सेंटरवर डॉक्टरांना सांगा, परस्पर बंद करू नका.

काढा? औषधांबद्दलच्या सरकारी नियमांच्या ‘शेड्यूल जे’मध्ये, जे आजार बरे करण्याचा दावा औषधाला करताच येत नाही त्यांची यादी आहे. तिच्यात पहिलं नाव एड्सचं.

राहिला धंदा. सरकारी एआरटी सेंटरवर गोळ्या फुकट मिळतात. ही योजना एप्रिल २००४ पासूनची. फॉरवर्डच्या तळाशी मात्र काढ्याची किंमत आहे, आणि पैसे आगाऊ पाठवायचा नंबरही.