भिंत दाबून बघा

आमच्या घरातला संडास हरवला, त्याला आता आठ महिने होतील. चोरीला गेलेला नाही, आहे तिथंच आहे. फक्त दिसत नाही.

झालं असं, की पॅसेजच्या सबंध भिंतीला खालपासून वरपर्यंत उभ्या पट्ट्यांचं पॅनेल बसवलं. त्याला फ्ल्यूटेड पॅनेल म्हणतात. दिसायला गोडाऊनच्या पत्र्यासारखं आणि किमतीला सागवानासारखं. त्या पट्ट्यांमध्येच दोन दारं लपवली आहेत, एक संडासाचं आणि एक अडगळीच्या कपाटाचं. दोन्हींना कडी नाही, मूठ नाही, चौकटसुद्धा नाही. योग्य जागी दाबलं की ‘टक्’ होतं आणि भिंत उघडते. ती योग्य जागा घरच्यांनी पाठ केली आहे : डावीकडून सतरावी पट्टी, छातीच्या उंचीवर. एकतिसावी दाबली तर अडगळ. रात्री तीन वाजता, चष्म्याशिवाय, सतरा पट्ट्या मोजून बघा एकदा. माझं पाढ्यांचं वय गेलं असं मी समजत होतो.

पलूसहून तात्या आले तेव्हा मी दूध आणायला गेलो होतो आणि सौ. आंघोळीला. तात्या म्हणजे माझे चुलते, वय ब्याऐंशी, एसटीतून उतरून थेट घरी. मी परत आलो तर तात्या पॅसेजमध्ये भिंतीला दोन्ही तळवे लावून, एक एक पाऊल सरकत उभे. पोलीस झडती घेताना लोकांना उभं करतात तसे.

“तात्या, काय झालं?”

“आरं, मोरी कुटं हाय तुजी? मगाधरनं हुडकतोय. पानी पडल्याला आवाज येतोय, पर दारच घावंना!”

सतरावी पट्टी मी पळत जाऊन दाबली. उरलेला प्रसंग वडीलधाऱ्यांच्या आदरापोटी सांगत नाही.

बाहेर आल्यावर तात्या हॉलमध्ये बसले. म्हणजे बसायला गेले. आमचा नवा सोफा जमिनीपासून जेमतेम फूटभर उंच आहे आणि आत दोन फूट खोल. त्यात माणूस बसत नाही, रुतून राहतो. तात्या रुतले, गुडघे कानाशी आले आणि त्या अवस्थेत त्यांची नजर कोपऱ्यातल्या मातीच्या उंच फुलदाणीवर गेली. तिच्यात पंपास गवत नावाचा प्रकार आहे, पिसासारखे पांढरट तुरे. तात्या बराच वेळ बघत राहिले आणि मग काळजीच्या सुरात म्हणाले, “औंदा तोड मिळाली न्हाई व्हय रं? पार तुरं आलं की उसाला.”

हे गवत आठशे रुपयांना सात काड्या या भावानं आलंय, हे त्यांना सांगायचा मला धीर झाला नाही. तुरा आला की उसाचं वजन घटतं, साखरेचा उतारा पडतो. ज्या माणसानं जन्मभर तुऱ्याची धास्ती घेतली, त्याला मी काय सांगणार, की आम्ही तो विकत आणून दिवाणखान्यात ठेवतो? त्यांनी आणलेली काकवीची बाटली सौ.नं घाईघाईनं उचलली. ओट्यावर काही दिसू द्यायचं नाही असा नियम आहे. ती कुठं ठेवली, ते नंतर तिलाही आठवेना.

हे सगळं सुरू झालं मुलापासून. तो पुण्यात असतो, चांगला कमावतो आणि आईबापाला सुखात ठेवायचंच असा त्याचा हट्ट आहे. २०१९ च्या पुरानंतर आम्ही सांगलीच्या गावभागातलं जुनं घर सोडून विश्रामबागला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. चार वर्षं त्यात जुन्याच सामानावर निभावलं. मग मुलानं एक इंटिरिअर डिझायनर मुलगी पाठवली. मुलगी गोड, बोलायला नम्र. पहिल्या दिवशी मला ‘सर’ म्हणाली, दुसऱ्या दिवसापासून ‘काका’. घरभर फिरली, टेपनं मापं घेतली आणि म्हणाली, “काका, आपण ना, स्कँडिनेव्हियन करू. एकदम मिनिमल.”

मी पाटबंधारे खात्यात तीस वर्षं कारकुनी केली. समोर आलेला कागद वाचल्याशिवाय सही करायची नाही ही सवय. तेव्हा या स्कँडिनेव्हियाची माहिती काढली. तिकडं हिवाळ्यात दिवस चार-सहा तासांचा, सूर्य आला न आला असा. म्हणून ते लोक भिंती पांढऱ्या ठेवतात, लाकूड फिकट वापरतात, खिडक्यांना पडदे लावत नाहीत. असेल तेवढा उजेड घरात खेळावा म्हणून. त्यांचं बरोबरच आहे. पण सांगलीत उजेडाची टंचाई आहे अशी तक्रार मी आजवर ऐकलेली नाही. आमच्याकडं एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि खिडकी उघडली की उजेडाच्या आधी धूळ आत येते. हे मी त्या मुलीला सांगितलं. ती म्हणाली, “काका, व्हाइब असते ती.”

मग रंग आले. ऑफ व्हाइट, बेज, ग्रेज. ग्रेज म्हणजे ग्रे आणि बेज यांचं लग्न. हे तिन्ही रंग आमच्या जुन्या घरातही होते, पण चादर धुवायला टाकायची वेळ झाली असा त्यांचा अर्थ व्हायचा.

ओटा पांढरा करायचा ठरला तेव्हा मात्र मी हात जोडले. अहो, हे सांगली आहे. इथं मार्केट यार्डात हळदीचे सौदे निघतात, इथल्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. या गावात पांढरा ओटा म्हणजे कोळशाच्या वखारीत पांढरी टोपी. पण मायलेकांचं एकमत झालं होतं आणि घरात दोन विरुद्ध एक असं मतदान झालं की निकाल काय लागतो ते सगळ्यांना ठाऊक आहे.

गृहप्रवेशानंतर पाचव्या दिवशी हळदीची बरणी कलंडली. सौ.नं ओल्या फडक्यानं पुसलं, तर पिवळं वाढलं. मग तिनं साबणाचं फडकं फिरवलं आणि पांढऱ्याशुभ्र क्वार्ट्झवर डोळ्यांदेखत लालभडक फराटे उठले. ती किंचाळली. मी धावत गेलो, मला वाटलं बोट कापलं. हळदीला खार लागला की ती लाल होते. साबणात तो असतो. चुनकळी घालून हळदीचं कुंकू करतात ते याच गुणावर. पण ते बायकोला भर डागात समजावणं बरं नव्हे. मी एवढंच म्हणालो, “चला, ओट्याचं हळदीकुंकू झालं.” त्या दिवशी मला जेवण मिळालं, पण वाढलं मुलानं.

लाल गेलं, पिवळट सावली मात्र उरली. आता हळदीचा डाग उन्हाला भितो, हे आमच्या आईच्या पिढीला माहीत होतं. डागाळलेलं लुगडं धुऊन उन्हात टाकायच्या, दोन दिवसांत डाग गायब. पण ओटा गच्चीवर कसा वाळत घालणार? दुपारी साडेचारला पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाचा एक चौकोन ओट्यावर येतो. तो नेमका डागावर पडावा म्हणून सौ. रोज तेवढा वेळ पडदा धरून उभी असते. मिनिमल घराची कामं अशी असतात.

खुर्च्यांचं प्रकरण त्याहून जिव्हारी लागणारं. डिझायनर मुलीनं मोबाइलवर एक फोटो दाखवला : सागवानी खुर्ची, बसायला आणि पाठीला वेताची वीण, पाय उलट्या इंग्रजी ‘व्ही’सारखे. “चंडीगड चेअर, काका. खूप ट्रेंडिंग आहे. जोडी चाळीस हजारांत बसेल.” मी म्हटलं, पोरी, वेताच्या खुर्चीवर बसून मी पेन्शनीला आलो. माझ्या पँटींच्या मागच्या बाजूला ती वीण उमटलेली असायची. तिची खुर्ची मात्र खरोखर खानदानी निघाली. चंडीगड शहर वसवताना १९५० च्या दशकात पिएर जानरे नावाच्या स्विस माणसानं तिथल्या सरकारी कचेऱ्यांसाठी अशा खुर्च्या आखल्या. पुढं त्या मोडल्या, गच्चीवर ढीग लागले, भंगारात गेल्या. मग कुणीतरी त्या उचलून परदेशात नेल्या, डागडुजी केली आणि आता तिकडच्या लिलावात एकेक लाखांच्या भावानं जाते. हे वाचलं आणि मी पंधरा मिनिटं गप्प बसलो. गावभागातलं घर रिकामं करताना वेताच्या चार खुर्च्या मी भंगारवाल्याला दिल्या होत्या. वर त्याला चहासुद्धा पाजला होता.

काम साडेतीन महिने चाललं. कारागीर राजस्थानचे, हात सोन्यासारखा. वस्तू मात्र मला समजेनात. प्लाय आलं तेव्हा दुकानदार म्हणाला, “सातशे दहा नंबरचं आहे, बहात्तर तास उकळलं तरी सुटणार नाही.” बहात्तर तास तर आमच्याकडं पायेसुद्धा कुणी उकळत नाही. पण पॅसेजचं पॅनेल त्या प्लायचं नव्हतंच, ते एमडीएफचं. एमडीएफ म्हणजे लाकडाचा तंतू तंतू करून डिंकात दाबलेला. कोरडा असेतोवर राजा. त्याची ओल्यात काय गत होते ते मी पाहिलंय. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ वर धोका, हे सांगलीत शेंबडं पोरही सांगेल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ च्या वर गेलं होतं. पाणी ओसरल्यावर आम्ही गल्लीत परतलो, तर शेजाऱ्यांचं वर्षभरापूर्वीचं टीव्ही युनिट चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं फुगून ओघळलेलं. आणि आमचं आजोबांच्या वेळचं सागवानी कपाट कमरेएवढ्या गाळात ताठ उभं. पाइपनं धुतलं, सावलीत वाळवलं. दार दोन महिने अडकत होतं, मग आपोआप लागायला लागलं. जणू एवढे दिवस रागावलं होतं.

ते कपाट या घरात मी भांडून आणलं. डिझायनर म्हणाली, “काका, हे थीममध्ये बसत नाही.” ते बाहेर काढायला चार माणसं लागली. पॅसेजच्या वळणावर कपाट अडकलं. दोन्ही भिंतींना पॅनेल बसल्यानं वाट सहा इंच आक्रसली होती. पॅनेल फोडायचं की कपाट, असा प्रश्न आला. मी टेप घेऊन पुढं झालो, गंभीर चेहऱ्यानं तीन वेळा माप घेतलं आणि नाइलाज असल्याचं जाहीर केलं. कपाट आता माझ्या खोलीत आहे. त्याला पितळी मूठ आहे. कधी कधी मी काही कारण नसताना ती धरून दार उघडतो आणि लावतो.

फॉल्स सीलिंगमध्ये लपवलेल्या दिव्यांविषयी एकच सांगतो. त्या खाचेतून पाल चालली की छतावर मगरीएवढी सावली जाते.

परवा डिझायनर मुलगी एका फोटोग्राफरला घेऊन आली. तिला आमचं घर तिच्या कामाच्या नमुन्यात दाखवायचं होतं. दोन तास आधी आवराआवर सुरू झाली. कुकर, परात, देवघराजवळचे दोन पाट, माझी औषधांची टोपली, वाळत घातलेला पंचा, सतरंज्या, गणपतीचं मखर, सगळं एकतिसाव्या पट्टीमागं कोंबलं. दार मिटेना, म्हणून मुलगी आणि सौ. दोघींनी मिळून पाठीनं रेटून ते लावलं. मग मुलीनं माझ्याकडं, माझ्या लेंग्याकडं आणि बंडीकडं पाहिलं. काही बोलली नाही. मी आपणहून माझ्या खोलीत गेलो.

फोटो छान चालले होते. उशा सरकवल्या, एका बशीत चार लिंबं मांडली, तुऱ्यांवर दिवा मारला. घर इतकं सुंदर दिसत होतं, की तिथं कुणी राहत असेल असं वाटेना. तेवढ्यात फोटोग्राफरनं हळूच विचारलं, वॉशरूम कुठं आहे. सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, “पॅसेजमध्ये, भिंत दाबून बघा.”

पोरगा शहाणा, त्यानं पट्ट्या मोजल्या नाहीत. अंदाजानं दाबली.

आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला. मी बाहेर येऊन पाहतो तर पॅसेजभर कुकर, पाट, मखर, गोळ्यांची पाकिटं आणि मधोमध, डोक्यावर पंचा घेतलेला फोटोग्राफर. सतरंजीच्या गुंडाळीतून एक बाटली घरंगळत माझ्या पायाशी आली. तात्यांची काकवी. फुटली नव्हती.

“सापडली गं!” मी ओरडलो.

“काका,” फोटोग्राफर एका पायावरून दुसऱ्या पायावर होत म्हणाला, “पण वॉशरूम?”