प्रशासकाच्या आदेशावरून

परवा रात्री माझ्याच घरात, माझ्याच पैशांनी घेतलेल्या कॉम्प्युटरने मला कळवलं, की टास्क मॅनेजर तुमच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने बंद केलेला आहे. मी मागे वळून पाहिलं. मागे बायको गवार मोडत बसली होती.

"तू काही बंद केलंस का?"

"गॅस," ती म्हणाली.

झालं होतं असं, की मी आमच्या मुलुंडच्या सोसायटीचा खजिनदार आहे. गेल्या सभेत 'कॉम्प्युटर कोणाला येतो?' असं कोणीतरी विचारलं तेव्हा मान हलवायला नको होती, ती हलली. आता 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा, त्याआधी थकबाकीदारांची यादी, आणि यादी अर्धी भरत आली असताना एक्सेलने डोळे पांढरे केले. अशा वेळी कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबायचं, टास्क मॅनेजर येतो, आणि लटकलेल्याला मुक्ती देतो. निदान यायचा.

म्हटलं, राहू दे. उरलेलं व्याज कॅल्क्युलेटरवर करू. तर कॅल्क्युलेटर उघडायला तुम्हाला नवीन अ‍ॅप लागेल, असं उत्तर आलं. अरे, कॅल्क्युलेटर हेच अ‍ॅप ना? मदतीसाठी 'गेट हेल्प' शोधलं, तर तेही घरात नाही.

आता हा कॅल्क्युलेटर काही काल आलेला पाहुणा नव्हे. 1985 साली विंडोजची पहिली आवृत्ती आली तेव्हापासून तो घड्याळ आणि नोटपॅडच्या पंगतीला बसलेला आहे. पूर्वी तो साधा प्रोग्राम होता. बोलावलं की यायचा. विंडोज 10 मध्ये 'कॅल्क' नावाची जुनी फाईल आहे अजून, पण ती नुसती शिपाई. आत जाऊन "साहेब, कोणी आलंय" एवढंच सांगते. साहेब म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधून येणारं वेगळं अ‍ॅप. साहेबांनाच कोणी उचलून नेलं तर शिपायाने काय करावं? मार्च 2019 मध्ये कंपनीने या कॅल्क्युलेटरचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला केला. तो आतून कसा चालतो हे आता जगात कोणालाही बघता येतं. मला तो फक्त बाहेरून बघायचा होता.

एवढ्यात बेल वाजली. तिसऱ्या मजल्यावरचे सप्रेकाका. सहकार खात्यात उभी हयात ऑडिट करून रिटायर झालेले, आणि माझ्या यादीत चौथ्या नंबरावर. थकबाकी 6,000 रुपये, उशीर 73 दिवस. हातात मेंटेनन्सचं बिल, त्यावर लाल पेनाने तीन प्रश्नचिन्हं.

"खजिनदार, हे व्याज कसं काढलंत?"

"तेच काढतोय काका. कॉम्प्युटर अडलाय."

काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि पडद्यावरची ओळ मोठ्याने वाचली. 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' या शब्दाशी आल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते मी सत्यनारायणाच्या प्रसादाच्या वेळीही पाहिलेलं नाही.

"म्हणजे प्रशासक बसला!" त्यांनी खुर्ची ओढली. माझीच. "नेमणूक सहकार कायद्याच्या कुठल्या कलमाखाली? 77-अ की 78?"

"काका, हा सोसायटीचा नाही, कॉम्प्युटरचा..."

"प्रशासक तो प्रशासक. कारणे दाखवा नोटीस आली होती का?"

"नाही."

"म्हणणं मांडायची संधी दिली?"

"एक ओके नावाचं बटण होतं."

"तुम्ही दाबलंत?"

"दुसरं बटणच नव्हतं."

काकांनी कपाळावर हात मारला. "संपलं. सही करून बसलात. अहो, प्रशासक एकदा बसला की उठत नाही. मुंबई महापालिकेवर 2022 च्या मार्चमध्ये बसला, तो किती वर्षं उठला नाही, सांगा!"

मी त्यांना समजावायला कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडली. राइट क्लिक, 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'. म्हटलं, बघा, या मशीनचा प्रशासक मीच आहे. ही माझी घोडचूक.

"असं!" काका खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे बंदीचा आदेश तुम्ही काढला. त्याची माहिती तुम्हाला नाही. आणि त्याविरुद्ध अपील तुम्ही स्वतःकडेच करताय. अपील वरच्या अधिकाऱ्याकडे असतं, खजिनदार. तुमच्या वर कोण?"

बायकोने गवारीतून मान वर केली.

मी न बोलता 'एसएफसी स्कॅननाऊ' ही आज्ञा दिली. विंडोजच्या स्वतःच्या फायली जागेवर आहेत का ते ही तपासते. टक्के चढायला लागले. काका चहा घेईपर्यंत 100 झाले आणि निकाल आला: कुठेही बिघाड आढळला नाही.

"बरोबर आहे," काका म्हणाले. "ऑडिटमध्ये असंच येतं. कागद सगळे जागेवर, पैसे तेवढे नसतात."

हे मात्र शंभर टक्के खरं. स्टोअरमधून येणारी अ‍ॅप्स त्या तपासणीच्या यादीतच नसतात, आणि कोणी मुद्दाम घातलेल्या बंदीला ती बिघाड समजत नाही.

काकांना जरा बरं वाटावं म्हणून मी 2021 ची गोष्ट सांगितली. विंडोज 11 नवीनच होतं, आणि नोव्हेंबर उजाडताच काही लोकांचं स्निपिंग टूल, म्हणजे पडद्याचा फोटो काढणारं अ‍ॅप, उघडेना. कारण काय, तर एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत 31 ऑक्टोबरला संपली होती. कंपनीने तात्पुरता उपाय सुचवला: प्रिंट स्क्रीनचं बटण दाबा आणि पेंटमध्ये चिकटवा.

काका गंभीर झाले. "यात हसण्यासारखं काय आहे? नोव्हेंबरात हयातीचा दाखला दिला नाही तर आमचंही पेन्शन उघडत नाही."

शेवटी ज्या दुकानातून गेल्या महिन्यात मशीन 'फास्ट' करून आणलं होतं, तिथल्या मुलाला फोन लावला. 400 रुपये घेतले होते त्याने.

"हां अंकल, फालतू अ‍ॅप्स काढली ना सगळी."

"कॅल्क्युलेटर फालतू?"

"मोबाईल आहे ना तुमच्याकडे."

"आणि टास्क मॅनेजर?"

"तो लॉक केला, सेफ्टीसाठी. कस्टमर लोक काहीतरी बंद करतात आणि मग आम्हाला फोन करतात. घेऊन या, परत टाकून देतो. 400 होतील."

इथे मला खरोखर राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही. काढायचे 400, परत टाकायचे 400, आणि मधल्या महिन्यात मशीन फास्ट झालं होतं ते काही न उघडण्यात. माझ्या मशीनमध्ये शिरून मलाच 'कस्टमर लोक' म्हणून कुलूप लावायचं, आणि त्या कुलपावर पाटी कोणाची? 'तुमचा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर.' म्हणजे माझीच! निदान स्वतःचं नाव तरी घालायचं.

तिरीमिरीत रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जचं दप्तर, उघडली. ती बंद करायला बहुधा विसरला होता. करंट युजर, सॉफ्टवेअर, मग आणखी तीन फोल्डरांची उतरंड, त्यात पॉलिसीज, त्यात सिस्टीम, आणि तिथे बसला होता: 'डिसेबल टास्क मॅनेजर', समोर 1. मी 1 पुसून 0 लिहिला.

"एवढंच?" काका जवळजवळ दुखावले. "आमच्याकडे एकाचं शून्य केलं तर निलंबन व्हायचं."

पण टास्क मॅनेजर आला! मी विजयी मुद्रेने लटकलेलं एक्सेल निवडलं आणि 'एंड टास्क' दाबलं. एक्सेल गेलं. त्याच्याबरोबर सेव्ह न केलेली यादीही गेली.

काका बराच वेळ रिकाम्या पडद्याकडे बघत होते.

"73 दिवस म्हणजे वर्षाचा पाचवा हिस्सा," ते हळूच म्हणाले. "6,000 चे 21 टक्क्यांनी वर्षाचे 1,260. त्याचा पाचवा, 252."

"काका, हे तुम्हाला आधीपासून येत होतं?"

"खजिनदार तुम्ही आहात. मी मध्ये कशाला बोलू?"

त्यांनी बिलाची घडी घालून खिशात टाकली आणि चपला सरकवल्या.

"पण आता रेकॉर्डवर माझी थकबाकी दिसत नाही, बरोबर ना? मग सभेतच भेटू."