मामा, छताला थर्माकोल चिकटवू नकोस

"एसी कंपन्या तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत" असं सुरू होणारा तो मेसेज तुमच्या पण सोसायटीच्या ग्रुपवर आला असेल. स्लॅबला आतून एक इंची थर्माकोल चिकटवा, त्यावर चमकी फॉइल चिकटवा, एसी विकून टाका, बिल 70 टक्के कमी, सगळ्या बिल्डिंगला फायदा, दुकान-ऑफिसलाही हेच चालतं, आणि रॉकवूल (दगडाच्या तंतूंची उष्णता अडवणारी गादी) घेऊ नका कॅन्सर होतो. शेवटी हात जोडलेले. मी असले मेसेज न वाचता पुढे जातो, पण ऐरोलीच्या मामाने (टॉप फ्लोअर, मे महिन्यात दुपारी चारला पंखा लावला की भट्टीची हवा) चक्क कारपेंटर बोलावून मापं घेतली आणि मला फोन करून विचारतो, तुमच्याकडे थर्माकोल स्वस्तात मिळेल का रे? मी तुर्भ्याला कोल्ड स्टोरेजच्या पॅनलच्या कामात आहे, रोज हाच माल हाताळतो, त्यामुळे हे लिहिणं भाग आहे.

आधी एक कबूल करून टाकतो, नाहीतर कोणीतरी खाली येऊन तेच सांगेल. थर्माकोल उष्णता अडवतो. चांगलाच अडवतो. इंचभर थर्माकोल साधारण मीटरभर जाड काँक्रीटएवढा रोध देतो. केंद्राच्या ऊर्जा बचतीचं काम बघणाऱ्या बीईईने 2018 मध्ये घरांसाठी इको-निवास संहिता काढली, त्यात छताची यू-व्हॅल्यू 1.2 च्या वर नको असं म्हटलंय. यू-व्हॅल्यू म्हणजे छतातून किती उष्णता आत झिरपते त्याचं माप, कमी तेवढं चांगलं. आपला नुसता सहा इंची स्लॅब तीनच्या वर जातो आणि इंचभर थर्माकोल लावला की एकच्या आसपास येतो. म्हणजे कागदावर तो पास होतो. मेसेज लिहिणाऱ्याला एवढंच कुठूनतरी कळलं आणि बाकी सगळं त्याने मनाने रचलं.

आता खरा धोका. हा थर्माकोल तुम्ही लावणार कुठे, तर घराच्या आत, डोक्यावर, उघडा, खाली किचनमध्ये गॅस आणि देवघरात समई. शंभर डिग्रीच्या आसपास तो मऊ पडून आक्रसतो, पेटला की वितळून जळते थेंब खाली पडतात, आणि धूर असा काळा आणि विषारी की दरवाजा कुठे आहे तेच दिसत नाही. त्यात आपल्याकडे स्लॅबखालून वायरी फिरवलेल्या असतात. वायरीचं पीव्हीसी थर्माकोलला चिकटून राहिलं की त्यातलं मऊपणा देणारं रसायन थर्माकोलमध्ये उतरतं आणि कोटिंग कडक होऊन तडकायला लागतं. हे फील्डमध्ये सगळ्यांना माहितीये, मेसेजमध्ये मात्र एक अक्षर नाही. एफआर, म्हणजे आगरोधक ग्रेडचा थर्माकोल मिळतो, ज्योत काढली की तो विझतो, पण कारपेंटर आणणार तो पॅकिंगचा नाहीतर डेकोरेशनचा. 2018 च्या प्लास्टिकबंदीत मखराचा थर्माकोलसुद्धा गेला, आणि आपण तो छताला लावायला निघालोय!

हे घाबरवणं वाटत असेल तर लंडनचा ग्रेनफेल टॉवर आठवा. 14 जून 2017, 24 मजली इमारत, चौथ्या मजल्यावर एका घरात फ्रिजपाशी आग लागली आणि 72 माणसं गेली. तिथे थर्माकोलचं छत नव्हतं, बाहेरून लावलेले पॉलिएथिलीनच्या गाभ्याचे पॅनल होते आणि मागे जळणारा फोम, बिल्डिंग सुधारायची आणि ऊब टिकवायची म्हणून लावलेला. 2024 च्या अंतिम चौकशी अहवालात स्पष्ट म्हटलंय की हे सगळे मृत्यू टाळता आले असते आणि माल विकणाऱ्यांनी आगीच्या टेस्टबद्दल पद्धतशीर अप्रामाणिकपणा केला. तिकडे निदान टेस्ट नावाची गोष्ट तरी होती, इथे फॉरवर्डेड मेनी टाइम्स.

दुसरं म्हणजे पाऊस. ठाणे-नवी मुंबईत दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, गच्चीचा कोबा कुठेतरी झिरपतोच. स्लॅबला खालून थर्माकोल लावला की ओल दिसतच नाही, आत सळया गंजत राहतात, आणि कळतं कधी तर प्लास्टरचा पोपडा थर्माकोलसकट सोफ्यावर येतो तेव्हा. सिडकोच्या जुन्या बिल्डिंगांमध्ये स्लॅबची काय अवस्था झाली ते वाशीकरांना विचारा. मामाची बिल्डिंग काही कालची नाही.

एसी विकून टाका, याला काय उत्तर द्यायचं? मासळीच्या पेटीतला थर्माकोल बर्फ तयार करत नाही, आहे तो टिकवतो. इन्सुलेशनने, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या थराने, छताची धग कमी होते, हवेतला दमटपणा जात नाही, आणि आपल्याकडे जीव जातो तो घामाने. 70 टक्क्यांचं तर साधं गणित करा. समजा बिलाचा निम्मा भाग एसीचा आहे आणि एसी तुम्ही कायमचा बंद केला, तरी बिल 50 टक्केच कमी होणार ना? फ्रिज, गीझर, पंखे थर्माकोल बघून कमी युनिट खातात का! त्यापेक्षा एसी 24 वर ठेवा, एक डिग्री वाढवली की साधारण 6 टक्के वीज वाचते असं बीईई सांगते.

बाकीचे मुद्दे पटापट. फॉइल चालते ती समोर हवेची पोकळी असेल तरच, वर पीओपी लिंपलं की ती नुसती महागडी चमकी. सगळ्या बिल्डिंगला फायदा वगैरे काही नाही, छताचं ऊन टॉप फ्लोअरलाच, खालच्यांचा त्रास पश्चिमेच्या खिडक्यांचा, त्यांनी छज्जा किंवा बाहेरून चिक (बांबूचा पडदा) लावावा. ऐरोली-घणसोलीच्या काचेच्या ऑफिसांत उष्णता काचेतून येते, तिथे छताला काय चिकटवताय. वागळे इस्टेट नाहीतर रबाळ्याच्या पत्र्याच्या शेडला मात्र छताखाली इन्सुलेशन हवंच, आणि तिथे नेमकं तेच रॉकवूल नाहीतर ग्लासवूल (काचेच्या तंतूंचं) लागतं ज्याला हा माणूस कॅन्सर म्हणतोय. डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने, आयएआरसीने, 2002 मध्येच इन्सुलेशनचं रॉकवूल आणि ग्लासवूल गट 3 मध्ये टाकलं, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. बहुतेक अॅस्बेस्टॉसशी गल्लत झालीये, ते गट 1 मध्ये आहे आणि ते खरंच घातक आहे. रॉकवूल लावताना खाज येते, मास्क-ग्लोव्हज घाला, एवढंच. ते जळत नाही हे त्याने सोयीस्कर विसरलंय.

तर मामा, करायचंच असेल तर गच्चीवर, स्लॅबच्या वरून. आधी वॉटरप्रूफिंग नीट, त्यावर एक्सपीएसच्या शीट (थर्माकोलचाच भाऊ पण पाणी पीत नाही, आणि तिथे तो काँक्रीटच्या वर असतो, तुझ्या डोक्यावर उघडा नसतो), त्यावर स्क्रीड (सिमेंट-वाळूचा थर) आणि पांढऱ्या टाइल तुकड्यांचं चायना मोझॅक. स्लॅब स्वतःच तापत नाही म्हणून तडे पण कमी जातात. एवढा खर्च आत्ता नको असेल तर यंदा नुसता पांढरा रिफ्लेक्टिव्ह पेंट मार, पावसाळ्यात शेवाळ धरलं की दरवर्षी घासावं लागेल ते सांगून ठेवतो. गच्ची सोसायटीची आहे, तेव्हा आधी कमिटीला लेखी अर्ज दे, आणि त्या कारपेंटरला दिलेला अ‍ॅडव्हान्स आजच परत माग.